झोस्याचा पहिला तवा

झारेच्चा, २० मे १९७६

विहीणबाई,

तेक्लाचा नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. गाय व्याली, कालवड झाली. दूध भरपूर आहे आणि प्यायला माणूस नाही अशी गत आहे. सिमोन सकाळी ट्रॅक्टरवर जातो, जेवण सामूहिक शेताच्या कँटीनमध्येच उरकतो, आणि घरी आला की न बोलता खिडकीत बसतो. तुमच्याकडची बटाट्याची लावणी एव्हाना आटोपली असेल, म्हणून विचारते, झोस्या कधी येते आहे? जाताना "घरी लावणीला हात लावून येते" एवढंच म्हणाली आणि बसमध्ये चढली. पण हातात पेटी मोठी होती. लावणीला एवढी मोठी पेटी कोण नेतं?

तुम्ही विचाराल, काही बोलणं झालं का? बोलणं काहीच झालं नाही हो. तुमच्या लिडा शहराच्या बाजूला ही रीत नाही असं झोस्या म्हणाली होती, म्हणून सगळं सांगते. आमच्याकडे नव्या सुनेचा पहिला तवा असतो. लग्नानंतरच्या पहिल्या मोठ्या सुट्टीला नवऱ्याकडची झाडून सगळी माणसं जमतात आणि सून त्यांना बटाट्याचे पातळ द्रानिक तळून वाढते. बटाटे तिने किसायचे, तळायचे तिने, वाढायचे तिने. सासूने तिच्या भांड्याला बोटसुद्धा लावायचं नाही. घरातली थोरली बाई पहिला घास घेते आणि काय ते बोलते. बटाटा आणि डुकराची चरबी, दोनच तर गोष्टी. पण आमच्या गावात त्या दोन गोष्टींवरून सुनेला वर्षानुवर्षं ओळखतात.

झोस्याचा तवा मे दिनाला झाला. सिमोनची आत्या, म्हणजे माझी थोरली नणंद प्रास्का, मुद्दाम पिन्स्कहून आली होती. आणि काय सांगू विहीणबाई, पोरीचे द्रानिक जमले नाहीत. जाड झाले, चिवट झाले, दातांना दाद देईनात. प्रास्काने एक उचलून वाकवून पाहिला आणि म्हणाली, "सिमोनच्या बुटांना तळवे हवेच होते, बरं झालं." एक तुकडा तिने कुत्र्याला टाकला, तर कुत्रा तो तोंडात धरून अंगणभर खेळत बसला. मग हसणं झालं. मीही हसले थोडी, चारचौघांत हसावंच लागतं. झोस्या उठली. ताटं उचलली, तवा घासला, आणि आठवड्याभरात तुमच्याकडे निघून आली.

मी तिला दोष देत नाही. वय लहान आहे, शिकेल. पण तुमच्या घरचे द्रानिक नावाजलेले असं लग्नात सगळे म्हणत होते, म्हणून जरा नवल वाटलं. तुम्ही नक्की कसे करता ते सविस्तर लिहा, म्हणजे काय चुकलं ते आम्हालाही कळेल. आणि पोरीला लवकर पाठवा.

तुमची,
तेक्ला


दुब्रोवा, २७ मे १९७६

तेक्लाबाई,

तुमचं पत्र पोस्टमनने अंगणातच दिलं आणि मी शेजारणींसमोरच वाचायला सुरुवात केली. बुटाचे तळवे आले तिथे थांबले आणि पत्र एप्रनच्या खिशात कोंबलं. "काय म्हणतात विहीणबाई?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गाय व्याली.

आमच्या घराची अशी मान खाली गेली नव्हती कधी. माझ्या आईच्या हातचे द्रानिक खायला पाद्रीबाबा दोन गावं ओलांडून यायचे. मी चर्चच्या उत्सवाला तळायला उभी राहिले की माणसं तव्यापाशी रांग लावतात, आणि रागावून भांडतातसुद्धा. झोस्या स्टुलावर उभी राहून किसायची तेव्हापासून माझ्या शेजारी शिकली आहे. तिचे द्रानिक कुत्र्याने खेळायला घेतले हे वाचून मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तुमच्या नणंदबाईंची मी माफी मागते. तुमचीही मागते. मुलगी दिली ती अर्धवट शिकवून दिली असंच कोणीही म्हणेल.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. आणि ज्यांनी ज्यांनी त्या दिवशी खाल्लं त्या सगळ्यांना वाचून दाखवा, म्हणजे निदान आमच्या घरची रीत काय आहे ते तरी कळेल.

बटाटा जुना, पिठूळ, जाड सालीचा. किसणी बारीक भोकांची. आमची माझ्या वडिलांनी पत्र्याला खिळ्याने भोकं पाडून केलेली आहे, आणि बोटं सोलली तरी चालतील पण मोठ्या भोकांची किसणी नको. बटाट्याबरोबरच कांदा किसायचा, एक बटाटा थोडा कांदा, परत बटाटा, म्हणजे कीस काळा पडत नाही. मग सगळा कीस फडक्यात घालून हलकं पिळायचं. कडकडून पिळायचं नाही. ते पाणी फेकायचं नाही, तेक्लाबाई, इथे शंभर बायका चुकतात. ते पाणी एका पातेल्यात तसंच राहू द्यायचं. थोड्या वेळाने वरचं तपकिरी पाणी ओतून टाकलं की तळाशी पांढरं, घट्ट बसलेलं दिसतं. ते बटाट्याचं सत्त्व. ते बोटाने खरवडून परत किसात घालायचं. द्रानिक धरून ठेवतं ते तेच. अंडं नको, काही नको. मीठ अगदी शेवटी, तवा तापल्यावर, कारण मीठ पडलं की परत पाणी सुटतं. त्या पाण्याला भ्यायचं नाही. भांडं बघून वाटतं की हे सूप झालं, आता काही धरत नाही. एकदा ढवळायचं आणि चमच्याने तव्यात सोडायचं, पातळ, कडेला जाळी पडेल असं. चरबी बोटभर हवी आणि धूर निघेपर्यंत तापलेली.

आणि पीठ कधीच नाही. पिठाचा डबा त्या दिवशी फळीवरून खालीसुद्धा काढायचा नाही. सत्त्व घातलेल्या किसात कोणी पीठ घातलं की त्याचा चिकट गोळा होतो, मग तुम्ही कितीही पातळ पसरा, तळल्यावर चामडंच होणार.

वाढायचं म्हणाल तर द्रानिकाने माणसाची वाट पाहायची नाही, माणसाने द्रानिकाची पाहायची. तव्यातून थेट ताटात, आणि वर तळघरातली गार, आंबट साय. तुमच्या बाजूला मांसाचा घट्ट रस्सा घालतात असं ऐकलं. घाला, पण साय पुढ्यात ठेवा. तळणारीने शेवटी बसायचं.

आता झोस्याला समोर बसवून विचारते काय केलंस म्हणून. ती आल्यापासून गप्प आहे. मला वाटलं होतं सासर चांगलं असावं म्हणून बोलत नसेल.

याद्विगा


झारेच्चा, २ जून १९७६

विहीणबाई,

पत्र मिळालं. किती छान लिहिता तुम्ही, अगदी तुमच्या स्वयंपाकघरात उभं राहून पाहिल्यासारखं वाटलं. वाचून दाखवा म्हणालात, पण अजून जमलं नाही. प्रास्का पिन्स्कला परत गेली, आणि बाकीची माणसं आता गवताच्या कापणीमागे आहेत. आणि खरं सांगायचं तर, झाली गेली गोष्ट परत कशाला उकरायची?

मला वाटतं पोरीला रागावू नका. मी विचार करत होते की दोष तिचा नसावाच. बटाटे आमच्या तळघरातले, मे महिन्यातले, डोळे फुटलेले. असल्या बटाट्यांना पाणीच फार. शिवाय आमचा तवा मधोमध जरा खोलगट आहे. चूलही त्या दिवशी नीट पेटत नव्हती, सिमोनने ओली लाकडं आणली होती. एवढ्या गोष्टी असताना कोणाचेही बिघडतील.

एक विचारायचं होतं, नुसतं माहितीसाठी. समजा सत्त्व आधीच घातलेलं आहे हे एखादीला माहीत नाही, आणि भांड्यात वर पाणी दिसलं म्हणून तिने मूठभर पीठ घातलं, तर तेवढ्यानेच चामडं होतं का? की आणखी काही चुकावं लागतं? आमच्याकडे सगळ्या बायका वसंतातल्या बटाट्यांत पीठ घालतात, आम्ही सत्त्वबित्त्व काढत नाही, आणि आमचे बरे होतात. म्हणून विचारलं.

सिमोनचं वजन उतरलं आहे. परवा मी म्हटलं, दुब्रोव्याला जाऊन ये. म्हणाला, "तिने बोलावलं तर जातो." १३ तारखेला पवित्र त्रैक्याचा सण आहे, सगळे परत जमणार. तुम्ही झोस्याला घेऊन या ना. प्रास्काही येईल. कोणी काही बोलणार नाही, मी बघते.

आणि तिला खरंच रागावू नका.

तेक्ला


दुब्रोवा, ८ जून १९७६

तेक्लाबाई,

तुम्ही फार सरळ मनाच्या आहात. सुनेची चूक बटाट्यावर, तव्यावर, लाकडांवर घालता. अशी सासू मी पाहिली नाही. मला आणखीच लाज वाटली.

तुमचा अंदाज बरोबर निघाला. मी झोस्याला विचारलं, पीठ घातलंस? आधी ती खिडकीबाहेर बघत राहिली. मी परत विचारलं. मग म्हणाली, "हो, घातलं." मी विचारलं, का? "पाणी दिसलं म्हणून." मी म्हटलं, अगं, सत्त्व घातलं होतंस ना? "घातलं होतं." मग? त्यावर ती परत खिडकीकडे वळली.

तेक्लाबाई, माझा संताप आवरला नाही. पीठ! माझ्या मुलीने! मी तिच्यासमोर बटाट्यांची बादली ठेवली आणि म्हटलं, कीस. सगळे कीस, आणि माझ्यासमोर तळ, आणि जोपर्यंत हात आठवत नाहीत तोपर्यंत उठू नकोस. तिची बोटं सोलली, किसात थोडं रक्तही आलं, ते मी फेकून दिलं आणि परत किसायला लावलं. शेजारच्या बायका कुंपणावरून बघत होत्या. बघू देत म्हटलं, आपली लाज आपणच वेशीवर टांगलेली बरी, दुसऱ्याने टांगण्यापेक्षा. आणि नवल म्हणजे तिने तळले ते उत्तम झाले. पातळ, जाळीदार, माझ्यापेक्षा बरे. मग तर मी आणखीच चिडले. येतं ना तुला? मग सासरी माझं नाक कापायची हौस होती का? ती म्हणाली, "आई, ताट दे, मी शेजाऱ्यांना देऊन येते."

सणाला आम्ही येणार नाही. तुमच्या नणंदबाईंच्या समोर बसायला मला तोंड नाही. झोस्याही येत नाही म्हणते. बोलावलंस तर सिमोन येतो म्हणतोय असं मी सांगितलं, तर म्हणाली, "आत्ता नको." मला वाटतं शरदात बटाटे काढेपर्यंत ती इथेच राहू दे. तोपर्यंत तुमच्या माणसांचं हसणं जुनं होईल. पोरगी बसमधून उतरली त्या दिवसापासून हसलेली नाही, पण ते तिने ओढवून घेतलेलं आहे.

याद्विगा


झारेच्चा, १४ जून १९७६

विहीणबाई,

हे पत्र मी आधी दोन वेळा लिहून चुलीत घातलं. हे घालणार नाही.

पीठ मी घातलं.

झोस्या साय आणायला तळघरात उतरली होती. भांडं टेबलावर होतं, आणि त्यात वर बोटभर पाणी तरंगत होतं. तिने पातेल्याच्या तळाचं पांढरं खरवडून किसात घातलं ते मी पाहिलं होतं, पण मला वाटलं भांडं पुसते आहे. मला सत्त्व वगैरे काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की हे तव्यात फुटणार. बाहेर प्रास्का चमचा ताटावर वाजवत होती. मी फळीवरचा डबा काढला आणि घातलं, दोन मुठी. रीत आहे की सुनेच्या भांड्याला सासूने हात लावायचा नाही, ते मला आठवत होतं, तरी घातलं.

का, ते सांगते, पण ते कारण म्हणून नाही. मी या घरात आले तेव्हा माझ्या पहिल्या तव्याला द्रानिक फुटले होते. उलटताना सगळ्यांचे तुकडे. प्रास्काने चमचा मागितला आणि विचारलं, "वहिनी, ही लापशी कशाशी खायची?" तेव्हापासून तिने मला लापशी हेच नाव ठेवलं. माझ्या नवऱ्याच्या मयताला आली तेव्हा गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, "लापशे, तुझं कसं होणार गं." झोस्याच्या भांड्यात पाणी बघितलं आणि मला तेच दिसलं. वाटलं, हिला वाचवते. आणि जेव्हा ते चामडं ताटात आलं तेव्हा मी गप्प बसले. तुमचं पहिलं पत्र आलं तोवर मला खरंच वाटत होतं की पिठाने काही बिघडलं नसेल. ते वाचलं आणि कळलं. त्यानंतर मी गप्प बसले ते मुद्दाम. त्यानंतर तुम्ही तिला बादलीभर बटाट्यांसमोर बसवलंत आणि तिची बोटं सोलली, आणि तिने ते स्वतःवर घेतलं. तिने मला पाहिलं असणार. ती वर आली तेव्हा मी हात झटकत होते.

काल सण होता. दाराला बर्चच्या फांद्या लावल्या, सगळी माणसं आली. मी द्रानिक करायला घेतले. तुमच्या पत्रातलं सगळं केलं, पाणी निवळू दिलं, सत्त्व काढलं, परत घातलं. आणि मग दोन मुठी पीठ घातलं. तळले आणि वाढले.

प्रास्काने चावला आणि ताटात टाकला. "हे काय? पुन्हा तळवे? पोरगी गेली आणि हात इथेच ठेवून गेली वाटतं."

मी म्हटलं, "हात माझेच आहेत. त्या दिवशीही माझेच होते. तिच्या भांड्यात पीठ मी घातलं."

मला वाटलं प्रास्का हसेल, आणि तिने हसावं असं मला वाटत होतं, पण ती हसली नाही. तिने विचारलं, "मग त्या दिवशी बोलली का नाहीस?" सगळी माणसं माझ्याकडे बघत होती आणि मी टेबलाच्या लाकडाकडे बघत होते. सिमोन उठून बाहेर गेला. मी मागे गेले तर कुंपणाला टेकून उभा होता. म्हणाला, "बसमध्ये चढताना मी तिला म्हटलं होतं, एवढ्याशा गोष्टीचं काय मनाला लावून घेतेस, पुढच्या वेळी नीट कर." मग म्हणाला, "आई, आत जा." मी आत आले.

विहीणबाई, तुम्ही मला सरळ मनाची म्हणालात ते पत्र मी ठेवलेलं नाही, मला बघवत नव्हतं. झोस्याला हे वाचायला द्या. तिने यावं असं म्हणायचा मला हक्क नाही, पण म्हणते. चूल तिची, भांडी तिची, मी बाहेर अंगणात बसेन.

तेक्ला


दुब्रोवा, १९ जून १९७६

तेक्लाबाई,

तुमचं पत्र वाचून मी आधी बसचं वेळापत्रक बघितलं. तुमच्या दारात येऊन तुमच्या सगळ्या गावासमोर काय काय बोलायचं ते मी कोंबड्यांना दाणे टाकताना मोठ्याने बोलूनही पाहिलं. फार चांगलं जमलं होतं.

मग झोस्याचे हात दिसले. बोटांवरच्या खपल्या अजून गेल्या नाहीत.

ते हात मी घडवले. ती मुलगी सत्त्व घातल्यावर पीठ घालणार नाही हे मला माहीत होतं, जसं मला माझं नाव माहीत आहे. तरीही तुम्ही दूरच्या गावाहून चार ओळी लिहिल्यात आणि मी तुमच्यावर विश्वास ठेवला, तिच्या हातांवर नाही. तुमच्या माणसांना एक दुपार हसायला मिळालं. मी तिला तीन आठवडे बोलले, आणि शेजारणी कुंपणाशी उभ्या असताना बोलले. ती "हो, घातलं" म्हणाली तेव्हा मी नुसतं तिच्या तोंडाकडे बघितलं असतं तर मला कळलं असतं. मी बघितलं नाही, कारण मला आमच्या घराच्या नावाचं पडलं होतं.

तेव्हा तुम्हाला बोलायला मला तोंड नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "राहू दे, आई," आणि मला मिठी मारली. त्या मिठीने मला काही बरं वाटलेलं नाही.

तुमचं पत्र मी तिच्या पुढ्यात ठेवलं आणि गाईकडे निघून गेले. तिला काय लिहायचं ते ती लिहील. मी वाचणार नाही. तिने जायचं की नाही हे मी तिला सांगणारही नाही, आता मी तिला काहीही सांगायच्या लायकीची राहिले नाही.

याद्विगा


दुब्रोवा, २१ जून १९७६

तेक्लाकाकू,

आईने तुमचं पत्र दिलं. वाचलं.

पिठाचं मला त्याच दिवशी कळलं होतं. मी साय घेऊन वर आले तेव्हा तुमचे हात पांढरे होते, आणि चमचा भांड्यात घातला तर तो उभा राहिला. दुसरे बटाटे किसायला वेळ नव्हता, सगळे बसले होते. त्याचा मला राग आला नाही, खरंच. तुम्ही घाबरला होतात हे मला दिसत होतं. घाबरलं की कोणाचाही हात डब्याकडे जातो. मी तर ठरवलं होतं की कोणी काही म्हटलं तर माझंच चुकलं म्हणायचं. माझ्या आईला खरं सांगितलं असतं तर ती दुसऱ्याच दिवशी तुमच्या दारात आली असती, आणि सिमोनला दोघींच्या मध्ये उभं राहावं लागलं असतं. म्हणून नाही सांगितलं. बोटं बरी आहेत.

पण तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही. म्हणून मी लिहिते, नाहीतर लिहिलं नसतं.

प्रास्काआत्या बुटाचं बोलल्या आणि सगळे हसायला लागले तेव्हा मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही काही बोलावं असं मला नको होतं. फक्त तुम्ही माझ्याकडे बघाल असं वाटलं होतं, एकदा, म्हणजे आपल्या दोघींना माहीत आहे एवढं कळलं असतं, आणि मग ते कितीही हसले असते तरी मला चाललं असतं. तुम्ही हसत होतात. तोंडावर हात धरून हसत नव्हतात, मनापासून हसत होतात. मी तुम्हाला तसं हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं. तुमचा सगळा चेहरा मोकळा झाला होता. मला तेव्हा कळलं नाही का ते. आता तुम्ही लापशीचं लिहिलंत तेव्हा कळलं. इतक्या वर्षांनी त्या टेबलावर ते तुमच्यावर हसत नव्हते, दुसऱ्या कोणावर तरी हसत होते. तुम्हाला बरं वाटलं.

मी तुम्हाला दोष देत नाही. तुमच्या जागी मलाही कदाचित वाटलं असतं. पण मी ते पाहिलं आहे आणि पाहिलेलं परत न पाहिल्यासारखं करता येत नाही.

मी येते आहे. शनिवारच्या बसने. सिमोनला स्टँडवर यायला सांगा, आणि एवढ्याशा गोष्टीचं जे तो म्हणाला त्याबद्दल त्याने वाटेत काही बोलू नये, घरी आल्यावर आम्ही बोलू. तुम्ही अंगणात बसायची काही गरज नाही. स्वयंपाकघर दोघींचं आहे, हवं तर तुम्ही किसा, मी तळते. प्रास्काआत्या आल्या की त्यांनाही वाढीन.

लग्नाच्या दिवशी उंबऱ्यावर मी तुम्हाला आई म्हटलं, आणि दोन-अडीच महिने म्हणत होते, मला ते जड गेलं नाही. त्या दुपारनंतर तो शब्द निघत नाही. इथे एकटीने म्हणून पाहिला, तेव्हाही निघाला नाही. म्हणून आता तेक्लाकाकू म्हणेन, घरात आणि लोकांसमोरही. कोणी विचारलं तर काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

कधीतरी परत निघेल कदाचित. पण तुम्ही मागू नका. मागितलात तर मी म्हणेन, आणि ते खोटं असेल.

झोस्या